फळीवरची अक्का

मे महिना सरत आला की रेवदंड्याच्या खाडीत होड्या एकेक करून वर ओढल्या जायच्या. कुशीवर झोपवून त्या खरवडायच्या, वाळवायच्या, आणि मग त्यांना तेल पाजायचा कार्यक्रम सुरू व्हायचा. आता बऱ्याच जणांनी डब्यातला रंग धरलाय, पण मी सांगतेय तेव्हा माशाचं तेलच चालायचं आणि आठवडाभर सगळ्या कोळीवाड्याच्या नाकात तोच वास असायचा. नेमक्या त्याच आठवड्यात आमची तांडेलीणमावशी भिंतीवरचं चित्र उतरवायची, ओट्यावर आडवं ठेवायची, आणि होडीला लावतात तेच तेल, तसल्याच चिंधीने, चित्राला चोपडायची. घुमटाला, पुलाला, आभाळाला, पाण्याला, सगळ्यांना सारखंच. यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. येणारीजाणारी विचारायची, "झालं का तेल?" आणि ती मान वर न करता सांगायची, "येक हात झाला, दुसरा उद्या."

पहिल्या वर्षी मी हे पाहिलं तेव्हा धावतच ओट्यावर गेले. मी घाटावरची, शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली म्हणून इकडे आलेली. तिच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचे. "अहो मावशी, चित्राला कुणी तेल लावतं का?" मी म्हटलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गातल्या ढ पोराकडे पाहायचे. "फली हाय ना ही? होरीला तेल घालतो, मग फलीला न्हाय घालायचं?" मी म्हटलं, फळीवर चित्र आहे. "चित्र कशानं काडलंय? तेलाच्या रंगानं ना? मग तेलाला तेलाचं काय वावडं?" पुढं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी होतं. मी आत जाऊन वह्या तपासत बसले आणि खिडकीतून तो वास येत राहिला.

तांडेलीण हे काही तिचं नाव नव्हे. तिचा बाप मचव्यावरचा तांडेल होता, म्हणजे होडीवरचा मुख्य, ज्याच्या शब्दावर शीड चढतं आणि उतरतं. बापाचा मचवा गेला, बाप गेला, पण हुकूम सोडायची सवय लेकीकडे वारशाने आली. बाजारात सुकी मासळी विकायला बसली तरी शेजारणींनी टोपल्या कुठे मांडायच्या ते हीच ठरवायची. अलिबागला जाणाऱ्या रिक्षात चौथा माणूस कुठे बसेल ते रिक्षावाला नाही, ही सांगायची. अंगाने काटकुळी, आवाज मात्र सगळ्या खाडीला पुरेल असा. लहानपणी खडकावरच्या कालवांच्या धारदार शिंपल्यांवर पाय पडून डावी टाच कापली होती, तेव्हापासून तो पाय जरा जपून टाकायची. त्यामुळे ती येताना चपलेचा एक आवाज मोठा आणि एक बारीक ऐकू यायचा, आणि वाड्यातली पोरं सावध व्हायची.

मूलबाळ नव्हतं. नवरा माझ्या येण्याआधीच वारलेला. म्हणून मला ती जेवायला घालायची, मी मागितलं नसताना. मी मासे न खाणाऱ्या घरातली, सुक्या बोंबलांच्या वासाने पहिले दोन महिने डोकं धरून बसायचे. तिने त्यावर एक अक्षर काढलं नाही. फक्त रोज ताटात भाताबरोबर जवळ्याची, त्या बारीक सुक्या कोळंबीची, एक चिमूट ठेवायची, आणि वाढायला आत जाताना बजावायची, "हलायचं न्हाय. मी आले." हे तिचं पालुपदच होतं. पाहुणा असो, पोस्टमन असो, नाहीतर नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर असो, त्याला ओट्यावर बसवून आत जाताना ती हेच म्हणायची, आणि माणसं खरंच हलायची नाहीत. चौथ्या महिन्यात मी जवळ्याची चटणी मागून घेऊ लागले.

आता त्या चित्राबद्दल. तिच्या माजघराच्या भिंतीवर, बरोबर पाटासमोर, ते टांगलेलं असे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, चुलीच्या धुराने काळवंडलेला कसला तरी पाट असेल. दोन फळ्या जोडलेल्या, मधे बारीक सांधा. निरखून पाहिलं की वरच्या बाजूला काहीतरी गोल असल्याचा भास व्हायचा, खाली एक आडवी कमान, आणि बाकी सगळं गुळाच्या काकवीसारखं गडद तपकिरी. पण मावशीसमोर असं म्हणायची सोय नव्हती. ती बोट ठेवून दाखवायची. हा घुमट, कुणा जुन्या सरदाराची कबर, आमच्या माहेरच्या गावावरचा. हा त्याच्या खालचा दगडी पूल, घुमटाएवढाच जुना. ही खाडी, पुलाखालनं आत शिरलेली. ही चिंच. आणि मग बोट पुलाच्या मध्यावर यायचं, तिथे थांबायचं. "आनि ही माजी अक्का."

घरी कुणीही नवीन आलं की तिचा एक प्रश्न ठरलेला, "काय दिसतंय?" आलेला माणूस घाबरून म्हणायचा, छान दिसतंय, घुमट दिसतोय, बाई दिसतेय. ओळीने सगळे खोटं बोलायचे. काशीदला हॉटेल काढणारा एक गृहस्थ एकदा सुकी मासळी घ्यायला आला होता, त्याला ते फार आवडलं. म्हणाला, असलं जुनं काहीतरी मला जेवणाच्या खोलीत हवंच आहे. मावशीने विचारलं, "काय दिसतंय तुला?" तो म्हणाला, "जुनं दिसतंय, हेच तर हवंय." तिने त्याला मासळी बांधून दिली आणि दार लोटलं. मी मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मला अक्का दिसत नाही. तिला राग आला नाही. म्हणाली, "तुजे डोले घाटावरचे. खाऱ्या वाऱ्यात राह्यलीस का दिसंल." एवढ्या वर्षांत मला ती एकदाही दिसली नाही, आणि मी तसं दरवेळी सांगत गेले. मला वाटतं, त्यामुळेच आमचं जमलं.

अक्का म्हणजे तिची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिला अक्कानेच वाढवलं. वेणी घालायची अक्का, भरवायची अक्का, मारायचीही अक्काच. त्या दिवसांत मुंबईहून एक चित्रकार घुमट काढायला आला आणि यांच्या पडवीत राहिला. गावात त्याला चितारीबाबा म्हणायचे. जवळचे कॅनव्हास संपले तरी त्याचा घुमट काढून संपेना. तेव्हा हिच्या बापाचा नवा मचवा बांधून होत होता. बापाने उरलेल्या सागवानी फळ्यांचे दोन तुकडे जोडून दिले आणि सांगितलं, यावर काढ. चितारीबाबाने काढलं आणि जाताना चित्र घरीच ठेवून गेला. दिवाळीला बापाने दोघी पोरींना एकाच कापडाचे हिरवे परकर शिवले होते. अक्का तो परकर घालून पुलाच्या कठड्यावर बसली, चितारीबाबाने तिला चित्रात घेतलं, आणि ही त्याच्या मागे उभी राहून बघत होती. मावशी हे असं सांगायची, दरवेळी याच क्रमाने.

पुढच्या वर्षी अक्काचं लग्न झालं, खाडीपलीकडे, दिघीच्या बाजूला. होडीत बसून गेली. वर्ष उलटायच्या आत कावीळ होऊन तिकडेच वारली. परत आली ती बातमीच. अक्काचा फोटो कुणी काढलेला नव्हता. त्या काळात आमच्याकडे पोरीचा फोटो निघायचा तो लग्नात, आणि यांच्याकडे लग्नातही निघाला नाही. ही रडून रडून जेवेना, तेव्हा बापाने तिला उचलून चित्रासमोर धरलं आणि बोट ठेवून सांगितलं, रडू नको, ही बघ अक्का. पुढे बाप गेल्यावर भावांनी घर आणि वाडी घेतली, हिने फळी मागितली. भावांना हसू आलं. तोवर मचवा विकून झाला होता, तेव्हा त्या मचव्याचं म्हणून जे काही उरलं होतं, ते एवढंच.

तेल लावायची रीत बापाचीच. मचव्याला तेल चढलं की उरलेल्या तेलाचा हात तो फळीवरही फिरवायचा, कारण लाकूड ते लाकूड, आणि पावसाळ्यात त्याला बुरशी धरू द्यायची नाही एवढंच त्याला ठाऊक. ही रीत त्याच्या लेकीने एका पावसाळ्यालाही चुकवली नाही. मी विज्ञानवाली, मला कळत होतं की दर वर्षाचा थर वाळून काळा पडत चाललाय. पण नांगरलेल्या होडीला लाट लागते तशी मी दर मे महिन्यात एकदा आपटायचे आणि ती तिथेच असायची. तिला ते काळं होणं दिसतच नव्हतं. रोज पाहिलेलं पोर मोठं होताना दिसत नाही, त्यातला प्रकार.

एकदा मी हट्टाने तिला माहेरी नेलं. रेवदंड्याहून एसटीने काशीद, मुरूड करत गेलो. खिडकीपाशी ती लहान मुलीसारखी बसली होती, आणि कंडक्टरला उभं कुठे राहायचं ते सांगत होती. घुमट जागच्या जागी होता. त्याची डागडुजी झालेली, भोवती कुंपण, आत गुरुवारच्या उदबत्त्यांचा वास. पूल मात्र नव्हता. शेजारून नवा सिमेंटचा रस्ता गेला होता आणि जुन्या पुलाच्या दोन दगडी पायांवर खेकडे चढत होते. मावशी त्या पायांकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "चल. आगरदांड्याला जाऊ." जेटीवर आम्ही बसलो. समोर दिघी, मधे गाड्या घेऊन जाणारी फेरीबोट. "आता मोटार घेऊन जातात पलीकडं," ती म्हणाली. "तेवा येवडं लांब व्हतं का गो, का मनाच वाटायचं?" संध्याकाळी घरी आल्या आल्या तिने डावा हात चित्रावर टेकला आणि म्हणाली, "पूल हाय की हितं. उगाच गेलो." त्या वर्षी तिने तेलाचे तीन हात दिले.

मग माझी बदली झाली, लग्न झालं, मी पेणला राहायला गेले. पण दिवाळी आणि मे, दोन्ही सुट्ट्यांत एक चक्कर ठरलेली. माझ्या मुलांना तिने जवळ्याच्या चटणीवर वाढवलं म्हटलं तरी चालेल. दर खेपेला ती जरा आणखी वाकलेली असायची, आवाज मात्र तेवढाच. अलीकडे चित्रासमोर उभी राहून डोळे बारीक करायची. "डोले गेले गो माजे. अक्का जरा धुरकट दिसते." मी म्हणायचे, मोतीबिंदू असेल, दाखवून घ्या. ती टाळायची. शेवटी तिच्या दिराच्या मुलाने, सदाशिवने, तिला जवळजवळ उचलून अलिबागला नेलं आणि एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं.

पट्टी सुटली त्या दिवशी तिचा फोन आला. एरवी फोनवर ती ओरडून बोलायची, कारण पेण लांब आहे. त्या दिवशी आवाज इतका बारीक होता की मला आधी ओळखूच आला नाही. "मास्तरनी, अक्का गेली गो."

मी म्हटलं, "काय झालं मावशी? डोळ्याला काही झालं का?"

"डोला बरा हाय. सगला दिसतंय. भिंतीवरची पाल दिसते, तिची बोटं दिसतात. तुजा दिलेला लुगडा निला हाय ते आज कळला, मी काला समजत व्हते. आनि फलीवर काय बी न्हाय. काली फली हाय नुसती. मी डोल्यांना दोष देत व्हते."

दुसऱ्या दिवशी रविवार होता, मी गेले. ती पाटावर चित्राकडे पाठ करून बसली होती. इतक्या वर्षांत ती अशी बसलेली मी पाहिली नव्हती. तेलाची बरणी तिने न्हाणीघराच्या मागे नेऊन ठेवली होती. मला म्हणाली, "मीच बुडवली गो तिला. माज्या हातानं, चिंधी घेऊन." मी तिच्या शेजारी बसले. तिची समजूत घालावी असं काही माझ्याकडे नव्हतं, कारण ती खरंच सांगत होती.

माझ्या नणंदेची एक मैत्रीण, सुलभाताई, मुंबईत जुनी चित्रं साफ करून दुरुस्त करायचं काम करते. तिला मी गळ घातली. ती एका शनिवारी आली, फळी उन्हात धरून पाहिली, वास घेतला, आणि हसली नाही, याबद्दल मी तिची जन्माची ऋणी आहे. पण तिने मावशीला काही लपवलं नाही. म्हणाली, "आजी, तेल वाळून चामड्यासारखं झालंय. ते सोडवता येईल. पण खालचा रंगही तेलाचाच, आणि फळीवर थेट काढलेला दिसतोय. तेल सुटताना रंग त्याच्याबरोबर सुटू शकतो. तुमची अक्का वर येईल, नाहीतर माझ्या कापसाच्या बोळ्यावर निघून येईल. आधी सांगता येणार नाही."

मावशीने विचार करायला वेळ घेतला. सुलभाताईला तिने जेवायला घातलं, आत जाताना "हलायचं न्हाय" म्हणाली, पण त्यात हुकूम नव्हता. दुपारभर ओट्यावर बसून राहिली. मी मधेच म्हटलं, मावशी, नको वाटत असेल तर राहू दे, तिथे आहे एवढं पुरे. ती माझ्यावर खेकसली, तेव्हा मला बरं वाटलं. "न्हाय दिसली तर हाय कशावरनं म्हनू? होरी घरात ठेवून कुजवायची का पान्यात घालायची? पान्यातच घालायची ना?" मग सुलभाताईकडे वळून म्हणाली, "सगला नको. घुमट राहू दे, झाड राहू दे. पुलावर येवडंच पुस." आणि तळहात फळीवर ठेवून जागा दाखवली.

फळी ओट्यावर आणून भिंतीला टेकवली, तेल लावायची तीच जागा. उन्हं तिरपी होती. सुलभाताई बोळा भिजवायची, टेकवायची, थांबायची, उचलायची. बोळे काढ्याच्या रंगाचे होत होते. प्रत्येक बोळ्याकडे मावशी वाकून बघायची, त्यावर हिरवं काही आलं का म्हणून. बराच वेळ काही घडलं नाही. मग एका बाजूने दगड दिसायला लागला. पुलाचा कठडा. काळा नव्हता तो, पिवळसर होता, उन्हातला. मला धक्काच बसला. इतकी वर्षं मी ते चित्र संध्याकाळचं समजत होते. ते लख्ख सकाळचं होतं.

"थांबा," सुलभाताई स्वतःलाच म्हणाली. मग हिरवं आलं. नखाएवढं, पण हिरवं. त्याच्यावर केसांचा काळा ठिपका, दोन बाजूंना टेकलेले हात. कठड्यावर एक मुलगी बसली होती, पाय खाली सोडून. माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, आली हो. परकर हिरवाच आहे."

मावशी पाटावरून उठली, नवा डोळा फळीजवळ नेला आणि दुसरा हाताने झाकला. तिचं बोट मुलीच्या पायापाशी येऊन थांबलं.

"पायापाशी पिवळट दिसतंय ना आजी," सुलभाताई जरा अपराधी आवाजात म्हणाली, "तिथे बहुतेक रंग उडालाय, खालचं लाकूड दिसतंय. मी पुढे हात लावत नाही."

"रंग न्हाय उडाला," मावशी म्हणाली. "चिंधी हाय ती. हळदीची चिंधी. डावा पाय बग." आणि मग डोळ्यावरचा हात खाली घेऊन, "ही अक्का न्हाय. ही मी हाय."

तिने आपली डावी टाच नकळत उजव्या पायामागे घेतली. मग हळूहळू, तुटक तुटक, सगळं तिच्या तोंडून आलं. इतक्या वर्षांत कधी न आलेलं. त्या दिवसांत कालवांनी पाय कापला होता, टेकवत नव्हता. घरी एकटी राहायला तयार नव्हती म्हणून अक्काने कडेवर उचलून पुलावर आणली, कठड्यावर बसवली आणि म्हणाली, "हितंच बस. हलायचं न्हाय. मी बगून आले." आणि चितारीबाबा काय काढतोय ते बघायला धावत गेली. मागे उभी राहिलेली ती अक्का. परकर दोघींचे एकाच कापडाचे. बापाने रडणाऱ्या पोरीला उचलून बोट ठेवलं, ते त्याच्याकडे दुसरं काही दाखवायला नव्हतं म्हणून.

"माज्या बाबाला ठावं व्हतं," मावशी म्हणाली. "त्यो काय करनार बिचारा."

मला वाटलं, झालं, आता हिच्याकडे काहीच उरलं नाही. जन्मभर जिच्यासाठी तेल घातलं ती चित्रात कधी नव्हतीच. मी तिचा हात धरायला गेले. तिने तो सोडवून घेतला. ती चित्राकडे बघत नव्हती. चित्रातली मुलगी जिकडे बघत होती, तिकडे बघत होती. म्हणजे आमच्याकडे.

"म्हंजे अक्का हिकडं व्हती," ती म्हणाली.

"कुठे मावशी?"

"हितं. आपन उभ्या हाव तितं." तिने ओट्यावर आजूबाजूला पाहिलं, मग माझं कोपर धरलं. "सरक गो जरा."

मी सरकले. सुलभाताईही बोळा हातात घेऊन उठली आणि बाजूला झाली. फळीसमोर एका माणसाची जागा रिकामी झाली, आणि तिच्या शेजारी मावशी उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते. नव्या डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण ते सांगायची माझी छाती झाली नाही.

बाकीचं चित्र तिने पुसू दिलं नाही. "पुरे," म्हणाली. पुढच्या मे महिन्यात होड्या वर आल्या, खाडीभर वास सुटला, शेजारणींनी सवयीने विचारलं, "तेल झालं का?" "आता न्हाय लावायचं," ती म्हणाली, आणि कारण सांगितलं नाही. बरणीतलं तेल तिने सदाशिवला होडीसाठी देऊन टाकलं. पण मी गेले की एक फरक दिसायचा. पूर्वी ती पाट चित्राच्या बरोबर समोर मांडायची. आता जरा डावीकडे मांडायची, आणि जेवताना अधूनमधून उजव्या बाजूला बघायची, आणखी कुणी जेवत असल्यासारखी. माझ्या मुलांना हे फार मजेचं वाटायचं. मला त्यात मजा वाटली नाही, पण भीतीही वाटली नाही. इतकी खुशीत ती मला कधी दिसली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. तापाचं निमित्त, दोन दिवसांचं अंथरूण. मी पोहोचले तेव्हा वाड्यातल्या बायका ओट्यावर बसल्या होत्या आणि कुणाला कुठे बसायचं ते सांगायला कुणीच नव्हतं. सगळ्या दाटीवाटीने एका कोपऱ्यात बसल्या होत्या. ते पाहून मला जे रडू आलं, ते तिला बघून आलं नव्हतं. महिन्याभराने सदाशिव रिक्षातून फळी घेऊन पेणला आला. तिच्याच गोधडीत गुंडाळलेली. "काकीनं तुमाला द्यायला सांगितली व्हती. म्हनाली, मास्तरनी खोटं न्हाय बोलायची."

फळी आता माझ्या घरी आहे. घुमट काळा, झाड काळं, खाडी काळी, आणि मधे तळहाताएवढं सकाळचं ऊन, त्यात एक मुलगी पायाला चिंधी बांधून बसलेली. घरी येणारे विचारतात, अर्धंच का साफ केलंय? सगळं पुसून घ्या की. मी त्यांना चहा देते. ते चित्राच्या अगदी पुढ्यात जाऊन उभे राहतात तेव्हा मात्र मला राहवत नाही, मी म्हणते, जरा सरका. भिंतीवर ऊन येतं म्हणून सांगत असेन, असं त्यांना वाटतं.

अजून दर मेमध्ये माझं नाक माशाच्या तेलाचा वास शोधतं. पेणला तो येत नाही. मी स्वयंपाकघरात जाता जाता फळीपाशी क्षणभर थांबते, आणि घरात कुणी नसलं तर कठड्यावरच्या मुलीला म्हणते, "हलायचं न्हाय. मी आले."

ती हलत नाही. तिला तसं सांगून गेलेली दुसरीच कुणीतरी आहे.